पाय आपला, पण आपला नाही

डिस्लेक्सिया हा शब्द तुम्हाला कुठे कळला? मला आमिर खानमुळे. 'तारे जमीन पर' (२००७) आला तेव्हा मी शाळेत होतो, आणि पुढचे सहा महिने आमच्या वर्गातल्या प्रत्येक नापास मुलाने घरी "मला तेच झालंय" असं सांगून पाहिलं :) वर्षभरात 'गजनी'ने स्मृतिभ्रंश शिकवला, त्याच्या पुढच्या वर्षी 'पा'ने प्रोजेरिया. आपल्या पिढीचं वैद्यकीय शिक्षण हे असं, तीन-तीन तासांच्या हप्त्यांत, मध्यंतरासकट झालेलं आहे. डॉक्टर मित्र नाक मुरडतात, पण निदान नाव तरी कळलं हे खरं.

आता उलटा प्रश्न. एखादा विकार इतका दुर्मीळ आणि इतका चमत्कारिक असेल की पडद्याबाहेर तो आपल्याला कधी भेटणारच नाही, तर? मग पडदा जे सांगेल तेच आपल्यासाठी सत्य. गेले काही वीकेंड मी अशाच एका विकाराच्या मागे लागलो होतो, त्याची ही गोष्ट.

विकाराचं आजचं अधिकृत नाव आहे बॉडी इंटेग्रिटी डिस्फोरिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, त्याला ६सी२१ हा क्रमांक आहे आणि ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याआधीचं नाव बॉडी इंटेग्रिटी आयडेंटिटी डिसऑर्डर. असतं काय यात? माणूस धडधाकट असतो. पण त्याला लहानपणापासून सतत वाटत असतं की आपला एक पाय (बहुतेकदा पायच) आपला नाही. तो दुखत नाही, कुरूप वाटत नाही, नीट चालतो. फक्त तो जादा आहे. मांडीवर अमुक ठिकाणी रेघ मारून दाखवता येते, तिच्या वर 'मी', खाली 'हे जे काही आहे ते'. काहींना पायाऐवजी अर्धांग लुळं असावं, दृष्टी नसावी असंही वाटतं. आणि लक्षात घ्या, हे लोक भ्रमिष्ट नसतात. पाय खरोखरच आपल्याच शरीराला जोडलेला आहे आणि आपलं वाटणं लोकांना विचित्र वाटेल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ते बोलत नाहीत.

गोष्ट जुनी आहे. झाँ-जोसेफ स्यू नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने १७८५ साली एक किस्सा छापला. एका इंग्रज माणसाने पिस्तूल रोखून एका सर्जनला आपला निरोगी पाय कापायला लावला, कारण त्याचं प्रेम एका एका पायाच्या बाईवर होतं! किस्सा खरा की तिखटमीठ लावलेला, ते सोडा. मला महत्त्वाचं वाटतं ते दिलेलं कारण. प्रेम. सांगणाऱ्याला ते कारण लागलं, कारण त्याशिवाय ऐकणाऱ्याला काही उमगलंच नसतं. पुढची सव्वादोनशे वर्षं सिनेमा-साहित्याने हेच केलेलं आहे.

याचा सर्वांत भन्नाट नमुना म्हणजे टॉड ब्राउनिंगचा मूकपट 'द अननोन' (१९२७). माद्रिदमधली एक सर्कस. अलोन्झो नावाचा बिनहातांचा कलाकार पायांनी सुऱ्या फेकतो. खरं तर त्याला दोन्ही हात आहेत. तो फरारी गुन्हेगार आहे, एका हाताला दोन अंगठे असल्यामुळे ओळख पटेल म्हणून हात कपड्यांखाली आवळून बांधतो. सर्कसमालकाच्या मुलीवर त्याचा जीव, आणि तिला पुरुषांच्या हातांची किळस. मग हा पठ्ठ्या एका सर्जनला ब्लॅकमेल करून दोन्ही हात खरोखरच काढून टाकतो. परत येतो तर काय, मुलीची किळस दरम्यान बरी झालेली, आणि ती सर्कशीतल्या पहिलवानाशी लग्न करते आहे. ते कळतं त्या क्षणी लॉन चेनीचा चेहरा आधी हसतो आणि मग त्या हसण्याचं जे काय होतं, ते पाहाच. संवाद नाही, काही नाही. चेनीचे आई-वडील दोघेही मूकबधिर होते, चेहऱ्याने बोलणं तो घरातच शिकला होता. पायांनी करायची बरीचशी कामं मात्र पॉल डेस्म्यूक या खरोखर हात नसलेल्या कलाकाराने केली. पडद्यावर चेहरा चेनीचा, पाय त्याचे. नाव अर्थात चेनीचंच झालं.

या चित्रपटाची प्रिंट अनेक वर्षं हरवलेली होती. १९६८ साली ती पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये सापडली. तिथे ज्या डब्यांत काय आहे हे ठाऊक नव्हतं त्यांच्यावर 'अज्ञात' असं लिहून ठेवलेलं होतं, आणि 'अज्ञात' नावाचा हा सिनेमा त्याच ढिगात पडून होता. ज्याने कधी फाइलला 'न्यू फोल्डर ३' असं नाव दिलंय त्याला हे दुःख समजेल.

आता, अलोन्झोला आपला विकार आहे का? मुळीच नाही. त्याला हात नकोसे नाहीत, मुलगी हवी आहे. पण स्वतःहून अवयव काढून घेणारा माणूस म्हणजे प्रेमवेडा किंवा राक्षस, हा साचा पडद्यावर ठळक झाला तो इथे.

वैद्यकशास्त्रही फार वेगळं वागत नव्हतं. १९७७ साली जॉन मनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन माणसांवर निबंध लिहिला आणि विकाराला 'अ‍ॅपोटेम्नोफिलिया' हे नाव दिलं. म्हणजे प्रकरण सरळ लैंगिक विकृतीच्या खात्यात जमा. गंमत (की शोकांतिका) अशी की निबंधाच्या तीन लेखकांपैकी एकाला स्वतःलाच ही इच्छा होती. ते त्याने उघडपणे सांगितलं २००० साली, बीबीसीच्या 'होरायझन' मालिकेतल्या माहितीपटात. तेवीस वर्षांनी!

तो माहितीपट निघायला कारण ठरला स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कचा सर्जन रॉबर्ट स्मिथ. त्याने १९९७ आणि १९९९ मध्ये दोन पुरुषांचे निरोगी पाय त्यांच्या विनंतीवरून, मानसोपचारतज्ज्ञांचं मत घेऊन, गुडघ्याच्या वर कापले. २००० साली ही बातमी फुटली, गदारोळ झाला आणि रुग्णालयाने पुढच्या शस्त्रक्रिया बंद केल्या. दोन्ही रुग्ण म्हणाले, आम्ही आता सुखी आहोत. 'डॉक्टरने इजा करू नये' या तत्त्वाचं इथे काय करायचं? कारण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. १९९८ साली न्यूयॉर्कचा एक वृद्ध गृहस्थ हाच पाय काढून घ्यायला मेक्सिकोतल्या तिहुआनाला गेला. ज्याने तो कापला त्या जॉन रोनाल्ड ब्राउनचा वैद्यकीय परवाना आधीच रद्द झालेला होता. गृहस्थ गँगरीन होऊन मेला, ब्राउन खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. म्हणजे कापलं तर एक प्रश्न, नाही म्हटलं तर दुसरा, आणि दोन्हीत पणाला लागलेला जीव एकाच माणसाचा.

या पार्श्वभूमीवर मेलडी गिल्बर्ट या अमेरिकन बाईंनी २००३ मध्ये 'होल' नावाचा माहितीपट केला. 'होल' म्हणजे अख्खा, संपूर्ण. नावातच सगळं आलं: एक पाय गेल्यावर ही माणसं म्हणतात की आता मी अख्खा झालो. चित्रपटात त्यांतली काही जण सरळ कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. कुणी सर्जन मिळवलेला, कुणी स्वतःलाच इतकी इजा करून घेतली की डॉक्टरांपुढे दुसरा मार्ग उरला नाही, कुणी अजून वाट पाहतोय. दचकायला लावणारं पार्श्वसंगीत नाही. ही माणसं सर्कशीत नाहीत, घरात आहेत, मध्यमवयीन आहेत, जरा कंटाळवाणीसुद्धा आहेत. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून वाद घालतील अशी! पाहताना अंगावर काटा येतो तो त्यांच्या साधेपणामुळे.

दोन वर्षांनी, २००५ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाचे मायकल फर्स्ट यांनी ५२ जणांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९ जणांचा हात किंवा पाय आधीच गेलेला होता आणि त्या नवांपैकी दोन तृतीयांश लोकांनी त्यासाठी जिवावर बेतेल असे उपाय केले होते. भ्रमिष्ट कुणीही नव्हतं. बहुतेकांचं मुख्य कारण लैंगिक नव्हतं, 'मी खरा जसा आहे तसा व्हावा' हे होतं. त्यातून 'ओळखीचा विकार' ही नवी मांडणी पुढे आली.

म्हणजे आता तरी कथापटांना कच्चा माल मिळाला. त्यांनी काय केलं?

'निप/टक' या टीव्ही मालिकेत २००५ मध्येच एक माणूस प्लॅस्टिक सर्जनकडे पाय काढून मागतो. आठवड्याची विचित्र केस, संपला विषय. २००८ मध्ये आला कार्लोस ब्रुक्सचा 'क्विड प्रो क्वो'. नायक व्हीलचेअरवरचा रेडिओ पत्रकार (निक स्टाल). लहानपणी अपघातात आई-वडील गेले, पाय गेले. त्याला भेटते फिओना (वेरा फार्मिगा), चालती-फिरती, आणि तिला अपंग व्हायचंय. फार्मिगाने काम असं केलंय की पहिला तासभर तुम्ही श्वास रोखून बसता. लाज, ओढ, खोटेपणा, सगळं एका चेहऱ्यावर. पण मग पटकथा घाबरते. तिच्या इच्छेचं मूळ नेऊन थेट नायकाच्या त्या जुन्या अपघाताशी जोडलं जातं. अपराधगंड! गाठ सुटली, प्रेक्षक मोकळे. दोन वर्षांनी आलेला हबीब अझारचा 'आर्मलेस' (२०१०) तर चक्क कॉमेडी आहे. जॉन नावाचा माणूस बायकोला सोडून न्यूयॉर्कला येतो, कारण त्याला दोन्ही हात कापून देणारा डॉक्टर हवाय. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण माझ्या मते विकाराच्या जास्त जवळ हाच सिनेमा जातो, कारण तो जॉनला बालपणीचा एखादा ठसठशीत धक्का चिकटवत बसत नाही. त्याला हात नको आहेत, बस्स. आणि त्याचं खरं दुःख हातांचं नाहीच, इतकी वर्षं बायकोपासून लपवल्याचं आहे.

इथे मला माझा धंदा आठवतो. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आम्हाला आरसीए लिहावा लागतो, मूळ कारणाचा अहवाल. मॅनेजरला "असंच झालं" हे उत्तर चालत नाही. पटकथालेखकाचंही तेच असणार. पहिल्या अंकात विचित्र इच्छा दाखवली की तिसऱ्या अंकात तिचा अहवाल हवा: प्रेम, पाप, अपघात, आई. स्यूच्या किश्श्यापासून फिओनापर्यंत अहवालाचा साचा तोच, फक्त रकाना बदलतो.

आणि खरं कारण? ते कदाचित इतकं रुक्ष आहे की त्यावर सिनेमा निघणार नाही. आपले विलयनूर रामचंद्रन (चेन्नईत वैद्यकशास्त्र शिकलेले, नसलेला हात दुखतो त्या 'फँटम' अवयवांवरच्या कामासाठी प्रसिद्ध) आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली अशा चार जणांच्या मेंदूची चुंबकीय मोजणी प्रसिद्ध केली. नकोशा पायाला त्या 'रेघे'च्या खाली स्पर्श केला तेव्हा मेंदूच्या उजव्या बाजूचा, शरीराचा नकाशा जुळवणारा एक भाग अपेक्षेसारखा उजळला नाही. स्पर्श कळत होता, पण तो नकाशावर नोंदला जात नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर चोख, केबल चोख, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. अर्थात चार जण म्हणजे फार लहान नमुना, आणि मेंदूतला फरक आधी की आयुष्यभराची इच्छा आधी हेही त्यावरून ठरत नाही. पण निदान शोध योग्य जागी चालू आहे.

कुणी म्हणेल, मूठभर लोकांचा विकार, सिनेमाने चुकीचा दाखवला तर बिघडलं कुठे? बिघडतं असं की अशा माणसाला पहिल्यांदा तोंड उघडायचं असतं ते बायकोपुढे, भावापुढे किंवा फॅमिली डॉक्टरपुढे. आणि समोरच्याच्या डोक्यात या विषयावर जे काही असतं ते पडद्यावरूनच आलेलं असतं. तो लगेच विचारणार, "लहानपणी काही झालं होतं का? कुणाच्या प्रेमात आहेस का?" उत्तर 'नाही' आलं की त्याला वाटणार, हा लपवतोय. मग तो माणूस पुन्हा गप्प बसतो, आणि एकट्याने मार्ग शोधायला लागतो. ते मार्ग कुठे जातात ते वर आलंच आहे.

शस्त्रक्रिया योग्य की अयोग्य यावर मला मत देता येत नाही, तो वाद अजून डॉक्टरांनाही सुटलेला नाही. पण ऐकून घ्यायला शस्त्रक्रिया लागत नाही. 'होल' मिळाला तर पाहा, मग 'आर्मलेस' पाहा. 'द अननोन' तर चेनीसाठी पाहाच. फक्त तिन्ही एका रात्रीत नको, सोमवारी ऑफिस असतं.