ग्रॅनाइटची खाण आणि कराराचा कागद

१९९४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या माणसाला मत मिळाले. जमीन मिळाली नाही. १९१३ च्या कायद्याने देशाची सुमारे ७ टक्के जमीन त्याच्या वाट्याला ठेवली होती. १९३६ मध्ये हा वाटा १३ टक्क्यांच्या घरात नेण्याचे ठरले. एवढेच त्याचे औदार्य! मताचा हक्क आणि पोटाचा हक्क यांतली ही दरी आपल्याला अपरिचित नाही. संविधान स्वीकारताना बाबासाहेबांनी तिच्याकडेच बोट दाखवले होते.

२००२ मध्ये तिथल्या संसदेने खनिजसंपत्ती साऱ्या जनतेची ठरवली. हा कायदा २००४ पासून अमलात आला. सोबतच्या सनदेने खाणमालकांना सांगितले की, दहा वर्षांत २६ टक्के मालकी वर्णद्वेषाने नाडलेल्यांकडे गेली पाहिजे. फुकट नव्हे, बाजारभावाने.

तरीही ग्रॅनाइटच्या खाणींत पैसा गुंतवलेले काही इटालियन आणि लक्झेंबर्गची एक कंपनी लवादापुढे गेली. जानेवारी २००७ मध्ये दावा नोंदला गेला. आधार कोणता? १९९७ चा इटलीशी आणि १९९८ चा बेल्जियम-लक्झेंबर्गशी झालेला गुंतवणूक करार. हे दोन्ही करार खुद्द मंडेलांच्या राजवटीतले. आमची मालमत्ता हिरावली, ही एक तक्रार. दुसरी अशी की, नाडलेल्यांच्या तुलनेत आम्हाला कमी लेखले! राखीव जागांविरुद्धची ओरड ऐकून ज्यांचे कान किटले आहेत, त्यांना हा सूर ओळखू येईल.

देशाच्या घटनेत, मालमत्तेच्या कलमाची आडकाठी जमीनसुधारणेला होऊ नये, असे स्पष्ट लिहिले आहे. पण लवाद बसला होता कराराच्या कागदावर. त्या कागदात इतिहासाला जागा नव्हती.

ऑगस्ट २०१० मध्ये दावा बंद झाला. दावेदारांनीच तो मागे घेतला आणि सरकारच्या खर्चापोटी त्यांना ४ लाख युरो भरावे लागले. सरकारचा खर्च ५० लाखांच्या वर गेला होता. याला विजय म्हणावे काय? त्याआधीच त्यांच्याशी तडजोड झाली होती: ५ टक्के मालकी कामगारांना द्यायची आणि उरलेल्या २१ टक्क्यांऐवजी दगडावरची प्रक्रिया देशात करायची. दावा हरूनही मालकी हातात राहिली.

अलीकडच्या करारांच्या प्रस्तावनेत ‘शाश्वत विकास’ हे शब्द आवर्जून येतात. मात्र गुंतवणूकदाराला दावा लावता येतो, प्रस्तावनेला येत नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१२ पासून जुने करार मोडायला घेतले आणि २०१५ मध्ये स्वतःचा कायदा केला. भारतानेही २०१६ नंतर अनेक करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. खासगी क्षेत्रात आरक्षण मागणाऱ्या आपल्या चळवळीने नव्या करारांचे मसुदे वाचायला घेतले आहेत काय?

मानवी हक्कांच्या काही संस्थांना लवादाने २००९ मध्ये म्हणणे मांडण्याची परवानगी दिली होती, कागदपत्रे पाहण्याचीही. सुनावणी व्हायच्या आतच दावा मिटला.