ब्रेक-बदल, मोटारगाडीतील

मोटारगाडीस कारखान्यात बसविलेल्या ब्रेकऐवजी दुसऱ्या नमुन्याच्या गाडीचे ड्रम, डिस्क, मास्टर सिलिंडर, बूस्टर इ. भाग बसवून तिची थांबण्याची क्षमता वाढविण्याच्या प्रथेस ब्रेक-बदल म्हणता येईल. मराठी परिभाषेत ब्रेकला ‘गतिरोधक’ असा प्रतिशब्द सुचविला गेला. परंतु लोकव्यवहारात तो रस्त्यावरील उंचवट्यालाच चिकटला. म्हणून येथे ब्रेक हाच शब्द वापरला आहे. ही प्रथा केवळ हौशी कारागिरांनी सुरू केलेली नाही. नामांकित कारखान्यांनीही ब्रेक दुसऱ्यांकडून उसने घेतलेले आहेत.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) येथील लष्करी रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट प्रकारच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती मोटार पाहावयास मिळते. सिल्व्हर घोस्टचे उत्पादन १९०६ मध्ये सुरू झाले. त्या काळच्या बहुतेक मोटारींप्रमाणे तिचे ब्रेकही फक्त मागील चाकांवर चालत. पुढील चाके वळणारी असल्याने त्यांच्यापर्यंत दांड्या किंवा तारा नेणे अवघड होते. शिवाय पुढचे चाक अडल्यास गाडी हाती राहणार नाही, अशी भीती अभियंत्यांनाही वाटे. पहिल्या महायुद्धात याच सांगाड्यावर चिलखत चढवून गाडीचे वजन चार टनांच्या आसपास गेले. मागील चाके जोडीने बसविण्यात आली, तरी ब्रेक मागेच राहिले. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे सरकतो व मागील चाकांची जमिनीवरची पकड सैल होते, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी असा ब्रेक दुबळा ठरतो.

मार्क बिर्किग्ट (१८७८–१९५३) या स्विस अभियंत्याने इस्पानो-सुइझा कारखान्यासाठी तयार केलेली एच ६ ही मोटार १९१९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. तिच्या चारही चाकांना ब्रेक होते आणि ते दाबण्यासाठी गाडीच्या स्वतःच्या गतीचाच उपयोग करणारी यांत्रिक साहाय्यक योजना होती. स्वतःच्या कारागिरीविषयी कमालीचा अभिमान बाळगणाऱ्या रोल्स-रॉइसने स्वामित्वशुल्क देऊन ही योजना स्वीकारली व १९२४ च्या सुमारास सिल्व्हर घोस्टला चारही चाकांचे ब्रेक देऊ केले. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. रोल्स-रॉइसने तत्त्व उसने घेतले, पण आस, दांड्यांची लांबी व ड्रमचा आकार आपल्या गाडीच्या वजनाप्रमाणे पुन्हा आखला. पुढे अनेकांनी भाग उसना घेतला, आखणी मात्र घेतली नाही.

द्रवदाबाच्या ब्रेकने उसनवारी सोपी केली. माल्कम लॉकहीड यांच्या योजनेवर आधारलेले असे ब्रेक १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीत आले. फोर्ड कंपनीने मात्र १९३८ च्या नमुन्यापर्यंत यांत्रिक ब्रेकच चालू ठेवले व १९३९ च्या नमुन्यापासून द्रवदाब स्वीकारला. नंतरच्या वर्षांतील फोर्डचे ड्रम व पाठपत्रे किरकोळ फेरफारांनी जुन्या फोर्डला बसत असल्याने अमेरिकेतील तरुणांनी जुन्या गाड्यांना ते सर्रास बसविले. एका नमुन्याचे ब्रेक दुसऱ्यास लावण्याची लोकप्रिय चाल रूढ झाली ती येथून.

महाराष्ट्रात या चालीचे खरे क्षेत्र जीप हे होय. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे वजन सु. १,०४० किग्रॅ. व ड्रमचा व्यास ९ इंच (सु. २२९ मिमी.) होता. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. लष्कराने लिलावात काढलेल्या व या जुळणीतील जीपा खेडोपाडी पोहोचल्या. पुढे पेट्रोलच्या जागी जड डिझेल एंजिने आली व मागील बाकांवर क्षमतेच्या दुप्पट प्रवासी बसू लागले. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकातील जीपचे ११ इंची (सु. २७९ मिमी.) ड्रम जुन्या जीपला बसविण्याची रीत पडली. लायनरवरील दाब तोच राहिला, तरी केवळ त्रिज्या वाढल्याने चाकावरील रोधक परिबल सु. २२ टक्क्यांनी वाढते. ड्रम व पाठपत्र एकाच घराण्यातील जीपचे असल्याने हा बदल बहुधा निर्धोक ठरला.

डिस्क ब्रेकचे तसे नाही. फ्रेडरिक लँचेस्टर (१८६८–१९४६) यांनी १९०२ मध्ये त्याचे एकस्व घेतले होते. पण तो नावारूपास आला १९५३ च्या ल माँ शर्यतीत, जॅग्वार गाड्यांवर. भारतात फियाट ११०० (पुढची प्रीमियर पद्मिनी) व अँबॅसडर या गाड्यांची अनेक वर्षे ड्रमवर गेली. नंतरच्या लहान मोटारींत पुढे डिस्क व मागे ड्रम ही मांडणी रूढ झाली आणि जुन्या गाड्यांच्या मालकांची नजर त्या डिस्ककडे वळली. ड्रममध्ये फिरणारा ड्रम आघाडीच्या ब्रेक-शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचा जोर वाढतो. डिस्कमध्ये ही आपोआप मिळणारी मदत नसते. म्हणून बूस्टरवाचून बसविलेली डिस्क चालकास ‘कडक’ लागते. जुन्या ड्रम-मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब टिकवून धरणारी झडप असते. ती तशीच राहिल्यास डिस्कचे पॅड सतत घासत राहून तापतात.

मास्टर सिलिंडर बदलताना तर गणित उलटे चालते. ३/४ इंचाऐवजी ७/८ इंच व्यासाचा सिलिंडर बसविला, तर क्षेत्रफळ सु. ३६ टक्क्यांनी वाढते. पेडल कमी खाली जाते व पायाला भक्कम वाटते. मात्र तोच दाब निर्माण करण्यास ३६ टक्के अधिक जोर लागतो. पेडल भक्कम लागणे म्हणजे ब्रेक जोरकस असणे नव्हे, हे गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही. याहून घातक चूक पुढील-मागील तोलाची होय. चाकांच्या आसांमधील अंतर २·४ मी. व गुरुत्वमध्याची उंची ०·६ मी. असलेल्या गाडीचा वेग गुरुत्वत्वरणाच्या ०·६ पटीने घटत असता एकूण वजनाचा सु. १५ टक्के भार मागून पुढे जातो. मागे अधिक बळकट ब्रेक बसविल्यास ती चाके आधी अडतात व गाडी फिरून आडवी होते. ओल्या डांबरावर हे अधिकच सहज घडते. नव्या महिंद्र नमुन्याचा कॅलिपर जुन्या जीपच्या अखंड पुढील आसावर बसविण्यासाठी लोखंडी पट्टीचा आधार करून घ्यावा लागतो. त्या पट्टीवर व तिच्या जोडावर ब्रेकचा सर्व ताण येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण फेरबदलात सर्वांत कमी तपासला जाणारा भाग हाच आहे.

पाथर्डी रस्त्यावरील करंजी घाट, छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील इमामपूर घाट, संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट आणि कल्याणकडे जाताना लागणारा माळशेज घाट या वाटांवर प्रश्न एकदा थांबण्याचा नसून उष्णतेचा असतो. १,५०० किग्रॅ. वजनाची गाडी ३०० मी. खाली उतरताना सु. ४४ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात १३ लि. पाणी २०° से. पासून उकळीला येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये उतरविली, तर यातील बराच वाटा एंजिन उचलते. अन्यथा तो सर्व ब्रेकवर पडतो. उघडी डिस्क ड्रमपेक्षा लवकर निवते, हा तिचा खरा लाभ होय. मात्र डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५° से. असला, तरी ओलावा शोषल्यावर तो १४०° से. पर्यंत उतरू शकतो. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पेडल एकाएकी तळाला जाते. जुने ऑइल तसेच ठेवून महागडी डिस्क बसविणाऱ्याने म्हणून फारसे काही मिळविलेले नसते.

असा बदल योग्य की अयोग्य हे डोळ्यांनी ठरत नाही, मापनाने ठरते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था नगरजवळ असून फाळणीच्या वेळी ती चकलाला (रावळपिंडी) येथून येथे आली. तेथील चाचणी केंद्रास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ खाली नव्या नमुन्यांची तपासणी करण्याचा अधिकार आहे. मोटारींच्या ब्रेकसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम १३-एच नुसार ताशी १०० किमी. वेगातील गाडी, पेडलवर ५०० न्यूटनपर्यंतच्या जोराने, ७० मी.च्या आत थांबली पाहिजे. त्यानंतर ब्रेक वारंवार लावून तापवितात व पुन्हा मोजतात. एकट्या मालकाने केलेला बदल अशा कसोटीपर्यंत सहसा पोहोचत नाही.

कायदाही त्यास अनुकूल नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशाहून वेगळे पडतील असा फेरफार करता येत नाही. नोंदणीपत्रात ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसल्याने तो मोकळा आहे, असा समज होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ विनिर्देशापासून दूर जाणाऱ्या फेरफारांविरुद्ध निर्णय दिल्यावर त्या समजास आधार उरला नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींना चाक अडू न देणारी एबीएस योजना सक्तीची झाली. तिचे संवेदक चाकाच्या तुंब्यावरील दातेरी किंवा चुंबकी कड्यावरून वेग मोजतात. दुसऱ्या गाडीचा तुंबा बसविला व कड्यावरील दात्यांची संख्या वेगळी निघाली, तर संपूर्ण योजना चुकीच्या वेगावर चालते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केलेल्या नियमांनी सांगाडा, बाह्य कवच व एंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट घातली आहे. ब्रेकचा उल्लेख त्या अटीत नाही.