ताकायासू धमनीदाह आणि त्यावरील रुग्णाधारित संशोधन

ताकायासू धमनीदाह : (नाडीहीन रोग, अविशिष्ट महाधमनीदाह). महाधमनी आणि तिच्यापासून मान, हात, मूत्रपिंडे, आतडी यांकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या यांच्या भित्तींना दीर्घकाळ सूज आणणारा विरळ रोग. सूज ओसरल्यावर भित्ती जाड व तंतुमय होते आणि धमनी अरुंद होते किंवा पूर्ण बुजते. काही ठिकाणी भित्ती कमकुवत होऊन धमनी फुगते. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटल्याने हा रोग होतो असे मानले जाते, मात्र ती नेमकी कोणत्या घटकावर उलटते ते अद्याप सापडलेले नाही. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या स्त्रिया असतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील ओल्मस्टेड परगण्यात दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला २.६ नवे रुग्ण आढळल्याची नोंद आहे. जपान, भारत, तुर्कस्तान आणि मेक्सिको येथे या रोगाचा अभ्यास विशेष झाला, कारण तेथील डॉक्टरांना तो वारंवार भेटला.

इतिहास : मनगटाला नाडी न लागणाऱ्या रुग्णांची वर्णने जुनी आहेत. इटालियन विकृतिशास्त्रज्ञ मोर्गान्यी यांनी १७६१ मध्ये आणि इंग्लंडमधील शल्यचिकित्सक विल्यम सेव्हरी यांनी १८५६ मध्ये अशा स्त्रियांची नोंद केली होती. रोगाला ज्यांचे नाव मिळाले ते मिकितो ताकायासू (१८६०–१९३८) हे कानाझावा येथील नेत्रतज्ज्ञ. एकवीस वर्षांच्या एका तरुणीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या नेत्रबिंबाभोवती कड्यासारख्या एकमेकींना जोडलेल्या त्यांना दिसल्या. हे निरीक्षण १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. ओनिशी आणि कागोशिमा या दोन डॉक्टरांनीही आपल्याकडील तसेच रुग्ण पुढे आणले आणि त्या रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नसल्याचे सांगितले. डोळ्यातील बदल हा परिणाम होता. मूळ विकार मानेच्या धमन्यांत होता आणि मेंदूकडे व डोळ्याकडे जाणारे रक्त तिथेच अडत होते. १९५१ मध्ये शिमिझू आणि सानो यांनी या लक्षणसमूहाला ‘नाडीहीन रोग’ म्हटले आणि ते नाव जगभर रुळले.

मुंबईतील काम : भारतातील संशोधनाचा पाया मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घातला गेला. शल्यचिकित्सक प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव १९६८ मध्ये याच रुग्णालयात केलेल्या हृदयरोपणामुळे लोकांना ठाऊक आहे. धमनीदाहावरचे त्यांचे काम त्यापेक्षा कमी परिचित असले तरी अधिक टिकाऊ ठरले. सेन, किनरे, इंजिनिअर आणि पारुलकर यांचा निबंध १९६३ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. महाधमनीचा छातीच्या खालच्या व पोटाच्या वरच्या भागातला मधला टप्पा अरुंद झालेल्या रुग्णांचे वर्णन त्यात होते. या रुग्णांच्या हाताची नाडी ठणठणीत लागे, पण मांडीतली क्षीण असे आणि रक्तदाब फार चढलेला असे. १९७३ मध्ये सेन, किनरे, केळकर आणि पारुलकर यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारित ‘नॉनस्पेसिफिक एऑर्टोआर्टेरायटिस’ हा ग्रंथ मुंबईतून प्रसिद्ध केला. विकृतिशास्त्रज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक एकाच रुग्णाकडे एकत्र पाहत होते, हे या कामाचे बळ. आज ज्याला बहुशाखीय चिकित्सा म्हणतात ती केईएममध्ये त्या काळीच चालू होती.

या कामातून आणि पुढील भारतीय नोंदींतून रोगाचा भौगोलिक फरक स्पष्ट झाला. जपानी रुग्णांत महाधमनीची कमान आणि मानेकडे, हाताकडे जाणाऱ्या शाखा अधिक बाधित होतात. भारतीय रुग्णांत पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या अधिक बाधित होतात, त्यामुळे इथला रुग्ण बहुधा वाढलेल्या रक्तदाबाच्या तक्रारीने येतो. पुरुषांचे प्रमाणही भारतात जपानपेक्षा जास्त आहे. महाधमनीचा कोणता भाग बाधित आहे यावरून रोगाचे पाच प्रकार पाडणारे वर्गीकरण जपानमधील नुमानो यांच्या गटाने १९९० च्या दशकात मांडले. ते आजही वापरात आहे.

कारणांचा शोध : भारत आणि मेक्सिकोतील डॉक्टरांना दीर्घकाळ क्षयरोगाचा संशय होता. मेक्सिकोत लुपी-हेरेरा आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये १०७ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तीत क्षयाशी संबंध ठळकपणे मांडला होता. धमनीच्या भित्तीत सापडणाऱ्या गाठी आणि बहुकेंद्री महापेशी क्षयातील गाठींची आठवण करून देतात, हेही संशयाचे एक कारण. पण बाधित धमन्यांत क्षयाचे जंतू खात्रीने दाखवता आलेले नाहीत आणि क्षयावरील औषधांनी हा रोग बरा होत नाही. ज्या देशांत क्षयाचा संसर्ग घरोघरी आहे तिथे कोणत्याही रोगाच्या रुग्णांत त्याच्या खुणा सापडणारच, हा आक्षेप वजनदार आहे.

आनुवंशिकतेचा धागा अधिक पक्का निघाला. एचएलए-बी५२ हा पेशीपृष्ठावरील प्रथिनाचा प्रकार या रुग्णांत अपेक्षेपेक्षा जास्त आढळतो, हे जपानमध्ये प्रथम दिसले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत एन. के. मेहरा आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांतही एचएलए-बी५ या कुळाशी नाते दाखवले. २०१३ मध्ये एका बाजूला तुर्की व उत्तर अमेरिकी आणि दुसऱ्या बाजूला जपानी रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या पाहण्या स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत एचएलए-बी५२ सोबत आयएल१२बी या जनुकाचा भागही पुढे आला. इतक्या दूरच्या लोकसमूहांत एकच उत्तर यावे, ही या विषयातली सर्वांत भरवशाची माहिती म्हटली पाहिजे.

रोग चालू आहे की थांबला? : या रोगावरील सर्व संशोधन या एका प्रश्नाशी येऊन अडते. धमनी शरीरात खोलवर असते, शस्त्रक्रिया होत असल्याखेरीज तिचा तुकडा तपासणीसाठी काढता येत नाही. ताप, वजन घटणे, अंगदुखी अशी सुरुवातीची लक्षणे कोणत्याही आजाराची असू शकतात. हात भरून येणे, चक्कर, मानेत दुखणे ही पुढची लक्षणे दिसतात तोवर धमनी अरुंद झालेली असते. आणि ती अरुंद आहे म्हणजे आत अजून सूज आहेच, असे नाही. व्रण जुना असू शकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९७० ते १९९० या काळात तपासलेल्या ६० रुग्णांचा अभ्यास केर, हॉफमन, फाउची आदींनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. तो प्रत्येक डॉक्टरने वाचावा असा आहे. रोग शांत झाला असे वैद्यकीय तपासणीवरून वाटत असताना ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी ४४ टक्के रुग्णांच्या धमनीच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली सूज चालूच होती. सूज सुचवणारी ईएसआर ही रक्तचाचणी सक्रिय रोग असलेल्या सर्वांत वाढलेली नव्हती आणि रोग शमलेल्या अनेकांत वाढलेली होती. वीस टक्के रुग्णांत आजार एकदाच येऊन आपोआप थांबला, तर २३ टक्क्यांना कधीच आराम पडला नाही. डॉक्टरची नजर आणि प्रयोगशाळेचा आकडा, दोन्ही अपुरे आहेत, हे या अभ्यासाने आकड्यांनिशी दाखवले.

मोजमापाचा एक प्रयत्न भारतातून झाला. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील रामनाथ मिश्रा, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील देबाशिष दांडा आणि बर्मिंगहॅमचे पॉल बेकन आदींनी ‘इंडियन ताकायासू क्लिनिकल अॅक्टिव्हिटी स्कोअर’ (आयटास २०१०) तयार केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४४ बाबी आहेत, त्यांपैकी ३३ हृदय व रक्तवाहिन्यांच्या आहेत. सात महत्त्वाच्या बाबींना प्रत्येकी दोन गुण, बाकीच्यांना एक. नियम साधा आहे : गेल्या तीन महिन्यांत जे नव्याने उद्भवले किंवा बिघडले त्यालाच गुण द्यायचे, जुन्या इजेला नाही. महागड्या यंत्रांशिवाय, खाटेजवळ उभे राहून, नाडी चाचपून आणि स्टेथोस्कोप लावून भरता येणारा हा तक्ता आहे. जिथे रुग्ण जास्त आणि साधने कमी तिथल्या गरजेतून तो आला, आणि आता तो इतर देशांतील अभ्यासांतही वापरला जातो. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे : बाहेर लक्षण न दाखवता आत वाढणारी सूज त्याला पकडता येत नाही. त्यासाठी सोनोग्राफी, एमआर अँजिओग्राफी आणि पेट स्कॅन यांची जोड लागते.

औषधचाचण्या : स्टेरॉइड हा उपचाराचा पाया आहे. सूज त्याने लवकर बसते. मात्र मात्रा कमी करताच रोग अनेकांत परत उसळतो आणि मात्रा तशीच ठेवली तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. विशीतल्या मुलीला वर्षानुवर्षे हे सोसावे लागते. म्हणून स्टेरॉइडची गरज कमी करणाऱ्या औषधांचा शोध हाच चाचण्यांचा खरा हेतू राहिला. १९९४ मध्ये हॉफमन यांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट देऊन पाहिले. ज्या १६ जणांचा मागोवा पूर्ण झाला त्यांतील १३ जणांना आराम पडला. २००४ मध्ये टीएनएफ या दाहकारक द्रव्याला रोखणाऱ्या औषधांनी १५ हट्टी रुग्णांपैकी १० जणांना स्टेरॉइडशिवाय पूर्ण आराम मिळाला. हे आकडे आशादायक असले तरी तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

तुलना असलेल्या चाचण्या बऱ्याच उशिरा झाल्या. अॅबाटासेप्ट या औषधाची अमेरिकेतील चाचणी लँगफर्ड आदींनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत ३४ रुग्ण दाखल झाले आणि सुरुवातीच्या उपचाराने शमलेल्या २६ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. बारा महिन्यांनी रोग न उलटलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत २२ टक्के आणि प्लासिबो म्हणजे निष्क्रिय मात्रा घेणाऱ्यांत ४० टक्के निघाले. औषधाचा उपयोग दिसला नाही. याच औषधाने, याच पद्धतीच्या चाचणीत, वृद्धांना होणाऱ्या जायंट सेल आर्टेरायटिसमध्ये मात्र फायदा दाखवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन रोग सारखे दिसतात, तरी एकाचे उत्तर दुसऱ्याला लावता येणार नाही, हे त्यातून कळले.

जपानमधील टोसिलिझुमॅबची चाचणी २०१८ मध्ये आली. हे औषध इंटरल्यूकिन-६ या दाहकारक द्रव्याची वाट अडवते. नुकताच रोग उलटलेल्या ३६ रुग्णांना आठवड्याला १६२ मिलिग्रॅम औषध किंवा प्लासिबो यांचे त्वचेखाली इंजेक्शन देत स्टेरॉइड ठरलेल्या वेगाने उतरवले. चोवीस आठवड्यांनी रोग न उलटलेले औषधगटात ५०.६ टक्के, दुसऱ्या गटात २२.९ टक्के. औषधाचा काहीच परिणाम नसता तरी इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता ०.०५९६ निघाली, आणि आधी आखलेली मर्यादा ०.०५ हून थोडी कमी होती. त्यामुळे चाचणीचा मुख्य निकष नियमाप्रमाणे हुकला. या निकालावरून औषध निकामी ठरवणे चुकीचे आहे. छत्तीस रुग्णांच्या चाचणीला याहून स्पष्ट बोलता येत नाही, आणि विरळ रोगात तीनशे रुग्ण गोळा करणे कोणत्याही एका देशाला सोपे नाही. जपानने २०१७ मध्येच या रोगासाठी टोसिलिझुमॅबला मान्यता दिली होती. रोगाची दुर्मिळता, तुलनात्मक चाचणीत सिद्ध झालेला दुसरा पर्याय नसणे आणि परिणामाची दिशा पाहता तो निर्णय योग्यच होता.

धमनी उघडणे : बुजलेली धमनी औषधाने मोकळी होत नाही. दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात संजय त्यागी आणि सहकाऱ्यांनी महाधमनी व मूत्रपिंडाच्या धमन्या फुग्याने रुंद करण्याच्या पद्धतीचा मोठा अनुभव नोंदवला. सूज चालू असताना असा हस्तक्षेप केल्यास धमनी पुन्हा लवकर बुजते, म्हणून शक्य तिथे आधी रोग शमवतात.

भवितव्य : तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील सुब्रमण्यन, जॉय आणि बालकृष्णन यांनी १९८९ मध्ये ८८ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यानुसार रोग सुरू झाल्यापासून पाच वर्षांनी ९१ टक्के आणि दहा वर्षांनी ८४ टक्के रुग्ण हयात होते. जपानमधील १२० रुग्णांच्या अभ्यासात (१९९४) पंधरा वर्षांनंतर हे प्रमाण ८२.९ टक्के आढळले. ज्यांना मोठी गुंतागुंत नव्हती त्यांत ९६.४ आणि ज्यांना होती त्यांत ६६.३. हा फरक गुंतागुंत होण्याआधी, वेळेवर निदान होण्याचे महत्त्व सांगतो.

निदानातील एक धोका कायम ध्यानात ठेवावा. हाताकडे जाणारी धमनी अरुंद असेल तर त्या हातावर मोजलेला रक्तदाब खोटा कमी येतो, आणि हृदयावरचा व मेंदूवरचा खरा ताण लपून राहतो. तरुण वयात रक्तदाब वाढलेला असेल, एका हाताची नाडी क्षीण लागत असेल किंवा हात वर करून काम करताना लवकर भरून येत असेल, तर डॉक्टरांनी दोन्ही हातांवर आणि दोन्ही पायांवर रक्तदाब मोजावा, आणि मोजला नसेल तर रुग्णाने तो मोजायला सांगावे.