पत्राच्या तळाची ओळ

उद्योगधंद्यांचा इतिहास आमच्याकडे बहुधा चरित्राच्या रूपानेंच लिहिला जातो. एक होतकरू तरुण, खिशांत थोडे पैसे, परका देश आणि शेवटीं कोट्यवधींची दौलत, एवढें कथानक जमलें म्हणजे लेखकाचें काम संपलें व वाचकाचेंही समाधान झालें! साबीर भाटिया आणि त्यांचें 'हॉटमेल' यांविषयीं १९९८ नंतर आपल्या देशांत जें विपुल लेखन झालें, त्यांतील बरेचसें याच मासल्याचें आहे. भाटियांच्या कर्तृत्वाविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु त्या कथेंतून जो भाग सहसा गळतो, तोच हा धंदा कसा वाढला हें समजण्यास अधिक उपयोगी आहे असें आम्हांस वाटतें.

भाटिया यांचा जन्म १९६८ मध्यें चंदीगड येथें झाला. बालपण बंगळूर येथें गेलें. पिलानीच्या संस्थेंत थोडा काळ शिकून ते १९८८ मध्यें कॅलिफोर्नियांतील कॅलटेक येथें गेले व पुढें स्टॅनफर्ड येथें त्यांनीं उच्च शिक्षण घेतलें. ॲपल कंपनींत नोकरी करीत असतां जॅक स्मिथ या अभियंत्याशीं त्यांची गांठ पडली. नंतर फायरपॉवर नांवाच्या कंपनींतही दोघे बरोबरच होते. इंटरनेटवर माहितीची नोंद ठेवण्याचें एक साधन तयार करून स्वतंत्र धंदा काढावा, असा त्यांचा १९९५ च्या सुमारास बेत चालला होता. अडचण अशी कीं, या बेताचीं गुपितें कचेरीच्या ई-मेलवरून लिहावीं तर मालकाच्या दृष्टीस पडण्याची भीति, आणि स्वतःची खासगी टपालपेटी कचेरींतून उघडावी तर बाहेरच्या संपर्कास अटकाव करणारी 'फायरवॉल' आड येई. डिसेंबर १९९५ मध्यें एके दिवशीं घरीं परततांना स्मिथ यांनीं मोटारींतल्या फोनवरून भाटियांस एक कल्पना सांगितली. टपाल वेबच्या पानावरच वाचतां आणि लिहितां आलें तर? भाटियांनीं त्यांस तत्काळ फोन ठेवावयास सांगितलें. पुढचें बोलणें घरीं पोंचल्यावर, जेथें कोणी ऐकणार नाहीं अशा फोनवरून!

ही हकीकत १९९८ पासून छापील आहे, आणि तींत मूळ कल्पना स्मिथ यांची असल्याचें स्पष्ट दिसतें. असें असूनही आपल्याकडील लेखांत स्मिथ यांची बोळवण एका ओळींत होते, कधीं तेवढीही नाहीं. आपल्या माणसाचा अभिमान बाळगावा, पण दुसऱ्याच्या वांट्याचें श्रेय त्यांत बुडवूं नये.

त्या कल्पनेंत एवढें विशेष तें काय, असें आजच्या वाचकास वाटेल. त्या काळीं ई-मेलचा पत्ता एखाद्या विद्यापीठाशीं, कचेरीशीं किंवा इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीशीं जखडलेला असे. नोकरी सुटली कीं पत्ताही सुटला. आपल्या देशांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसाधारण ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें; तेथेंही पत्ता मिळे तो वर्गणी भरणारासच. ज्याच्या घरीं ना संगणक ना वर्गणी, त्यास हॉटमेलमुळें एक कायमचा पत्ता मिळाला. सायबर कॅफेंत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्या विद्यार्थ्यास तो उघडतां येई, मग तो पुण्यास असो कीं पिट्सबर्गास.

भांडवल मिळवितांना भाटियांनीं दाखविलेलें धैर्य मात्र सर्वस्वीं त्यांचें. अनेक भांडवलदारांनीं नकार दिल्यावर ड्रेपर-फिशर-जर्वेट्सन या पेढीनें ३ लाख डॉलर देऊं केले, पण मोबदला म्हणून ३० टक्के हिस्सा मागितला. हातीं कांहीं नसतां भाटिया १५ टक्क्यांवर अडून राहिले, आणि पेढीस तें मान्य करावें लागलें. ४ जुलै १९९६ रोजीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, हॉटमेल सुरू झालें.

ग्राहक आणावयाचे कसे हा प्रश्न होता. पेढीचे टिम ड्रेपर यांनीं सुचविलें कीं, हॉटमेलवरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशीं एक ओळ घालावी, आणि तुम्हांसही अशी फुकट टपालपेटी घेतां येईल असें वाचणारास कळवावें. संस्थापकांस हें प्रथम रुचलें नाहीं. दुसऱ्याच्या खासगी पत्रांत आपली जाहिरात घुसडणें त्यांस अप्रशस्त वाटलें, आणि आमच्या मतें हा संकोच त्यांस भूषणावहच होता. पण ओळ घातली गेली. आई मुलास पत्र लिही, मुलगा मित्रास, मित्र आपल्या मामास. प्रत्येक पत्राबरोबर ती ओळ जाई, आणि ती शिफारस ओळखीच्या माणसाकडून आल्यासारखी वाटे. ज्या देशांत हॉटमेलनें जाहिरातीस दमडी खर्च केली नाहीं, तेथेंही तें अशाच रीतीनें पसरलें. या युक्तीस जर्वेट्सन व ड्रेपर यांनीं पुढें 'व्हायरल मार्केटिंग' हें नांव रूढ केलें. नांव सांथीच्या रोगाचें आहे, आणि तें अगदीं अन्वर्थक आहे.

दीड वर्षांत ग्राहक ८० लाखांच्या वर गेले. ३१ डिसेंबर १९९७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें हॉटमेल घेतल्याचें जाहीर झालें; किंमत सुमारें ४० कोटि डॉलर. हिशेब केला तर ग्राहकामागें पन्नासाच्या आंतबाहेर डॉलर पडतात. त्या ग्राहकांनीं तर एक पैही दिली नव्हती! मग एवढें मोल कशाचें? संगणकांचें व आज्ञावलीचें नव्हे. तशी पेटी दुसऱ्यांनाही बांधतां येत होती, आणि याहूनें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत रॉकेटमेल चालविणारी कंपनी विकत घेतली होती. मोल होतें तें लाखों माणसांच्या पत्त्यांचें व संवयीचें. तें ज्यांनीं निर्माण केलें, ते विक्रीच्या बैठकींत नव्हते. ऑगस्ट १९९९ मध्यें यंत्रणेंतील एका दोषामुळें परक्याची पेटी केवळ नांवावरून उघडतां येते असें उघडकीस आलें, तेव्हां आपलीं पत्रें कोणाच्या घरीं ठेवलीं आहेत याची पुष्कळांस प्रथमच जाणीव झाली असावी.

भाटियांनीं १९९९ मध्यें मायक्रोसॉफ्ट सोडून 'अर्झू' नांवाची कंपनी काढली. ती २००१ मध्यें बंद पडली. कर्ता तोच, या खेपेस भांडवलही हाताशीं; पण ज्याच्या पाठीवर बसून धंदा गांवोगांव जाईल असें पत्र या वेळीं नव्हतें. हॉटमेलची सद्दीही टिकली नाहीं. १ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें १ गिगाबाइट जागा देणारें जीमेल जाहीर केलें, तेव्हां हॉटमेलच्या फुकट पेटींत जेमतेम २ मेगाबाइट जागा होती. २०१३ मध्यें मायक्रोसॉफ्टनें हॉटमेल हें नांवच आउटलुकमध्यें विलीन केलें. जुने पत्ते मात्र चालू ठेवले, आणि त्यांवर अजूनही पत्रें येतात.