दिवाणखान्यातलं मराठी थिएटर

मंडळी, गेल्या वर्षी आम्ही हॅरोचं घर विकलं आणि लहान फ्लॅटमध्ये राहायला आलो. आवराआवर करताना माळ्यावरून तीन खोकी निघाली. पहिल्यात व्हिडिओ कॅसेट्स, दुसऱ्यात व्हीसीडी आणि तिसऱ्यात डीव्हीडी. सौ. म्हणाली, "आता हे कोण बघणार? चॅरिटी शॉपमध्ये देऊन टाका." मी खोकी गाडीत घालून घेऊन गेलो. दुकानातल्या बाईंनी आत डोकावून अगदी नम्रपणे नकार दिला. कॅसेट्स आता कुणी घेत नाही, आणि डिस्कवरची भाषा त्यांच्या गिऱ्हाइकांना कळणार नव्हती. खोकी परत आली. ती हॉलमध्ये पडून आहेत तोवर त्यांचा इतिहास तरी लिहून ठेवावा, असं वाटलं.

आम्ही १९७४ साली इथे आलो तेव्हा घरबसल्या आपलं काही बघायचं म्हणजे रविवारी सकाळी बीबीसीवर 'नई जिंदगी नया जीवन'. १९६५ मध्ये 'अपना ही घर समझिये' सुरू झाला होता आणि १९६८ पासून हा त्याच्या जागी आला. भाषा हिंदुस्थानी, गाणी चांगली. हिंदी चित्रपट पाहायला साउथॉलला जायचं, तिथल्या चिनी देवळासारख्या दिसणाऱ्या १९२९ सालच्या सिनेमागृहात. मराठी चित्रपट मात्र मंडळानं हॉल भाड्यानं घेऊन दाखवला तरच. मधल्या सुट्टीत बटाटेवडे असत. चित्रपट कसा होता हे विसरलो, वडे आठवतात.

तसं पाहिलं तर मराठी माणसाचं या देशातल्या पडद्याशी नातं फार जुनं आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला आले. ओळखदेख नसताना 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली, आणि वॉल्टन-ऑन-टेम्सच्या स्टुडिओत फाळक्यांनी चित्रपट कसा करतात ते पाहून घेतलं. विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला तेच हे वर्ष! आणि टेलिव्हिजनचं शिक्षण घ्यायला पु. ल. बीबीसीत आले होते, हे 'अपूर्वाई'च्या वाचकांना सांगायला नकोच.

आता पहिलं खोकं. आमच्याकडे व्हीसीआर १९८२ च्या सुमाराला आला. इथली आणि भारतातली टीव्हीची पद्धत एकच, पाल. त्यामुळे पुण्याहून आणलेली कॅसेट सरळ चालायची. न्यूजर्सीच्या आमच्या मेहुण्यांना तीच कॅसेट पैसे भरून एनटीएससीत बदलून घ्यावी लागे. इंग्लंडला आल्याचा अमेरिकेपेक्षा झालेला हा आमचा एकमेव फायदा, असं ते म्हणत. किराणा दुकानात हिंदी कॅसेट्स भाड्यानं मिळत, मराठी मात्र सुट्टीवरून येणाऱ्याच्या बॅगेतून, लोणच्याच्या बरणीशेजारी बसून यायच्या. मग एका कॅसेटच्या चार, चाराच्या आठ. आमचा 'सिंहासन' कॉपीची कॉपी होती. त्यातले पुढारी हिमवर्षावात राजकारण करताना दिसायचे. पण संवाद नीट ऐकू येत, आणि 'सिंहासन'ला तेवढं पुरतं.

मुलं मात्र हळूहळू उठून वर जाऊ लागली. घरात मराठी बोलत असलो तरी 'सामना'तली किंवा 'पिंजरा'तली मराठी त्यांच्या कानाला परकी होती. आम्ही त्यांना दोष दिला. चूक कुठे होती ते १९९० मध्ये कळलं. बीबीसी टूवर चोप्रांचं 'महाभारत' इंग्रजी सबटायटल्ससह सुरू झालं आणि तीच मुलं शनिवारी दुपारी हलेनात. शेजारच्या आजीबाईसुद्धा द्रौपदीचं पुढे काय झालं ते विचारायला कुंपणाशी यायच्या.

दुसऱ्या खोक्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. व्हीसीडी स्वस्त, पण एका चित्रपटाला दोन डिस्क लागायच्या आणि पहिली नेमकी गाण्याच्या मध्यात संपायची.

डीव्हीडी १९९८ मध्ये इथल्या बाजारात आली. मराठी चित्रपट तिच्यावर यायला आणखी काही वर्षं गेली. चित्र स्वच्छ झालं हे खरं, पण माझ्या मते तिचा मोठा गुण एकच, रिमोटवरचं सबटायटल्सचं बटण. आणि तिथेच आपल्याकडच्या कंपन्यांनी कंजुषी केली. किती तरी डिस्कवर सबटायटल्स नाहीतच. होती तीही काही वेळा असून नसल्यासारखी. 'अशी ही बनवाबनवी'त अशोक सराफ बायकोची ओळख करून देताना गडबडीत तिला पुल्लिंगी करून टाकतात. आपण सोफ्यावरून पडायचे बाकी राहतो. इंग्रजीत 'माझा' आणि 'माझी' यांना एकच शब्द, मग नातवाला कळणार काय? त्याला वेगळं समजावून सांगितलं, तेव्हा तो दोन मिनिटांनी हसला.

याउलट 'संत तुकाराम'. १९३६ सालचा दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. मला वाटलं होतं, मुलांना तो पुराणातला वाटेल. पण सबटायटल्समुळे त्यांना आवली कळली. देवावर चिडणारी, घरात दाणा नाही म्हणून विठोबाला जाब विचारणारी. माझ्या मुलाचं मत असं, की चित्रपट तुकारामांचा नसून तिचाच आहे. मला ते पटलेलं नाही, पण उत्तरही सापडलेलं नाही. (त्यातला शांताराम आठवल्यांनी रचलेला एक अभंग जाणकारांनाही तुकोबांचाच वाटला होता. मीही फसलो होतो.)

२००४ साली 'श्वास'ला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई'नंतर मराठीला ते पन्नास वर्षांनी मिळत होतं. त्याची डीव्हीडी आम्ही चार कुटुंबांनी मिळून पाहिली. शेवटी कुणी दिवा लावायला उठेना.

पण या खोक्यातली सगळ्यात जड डिस्क 'उंबरठा'ची. चित्रपट १९८२ चा, जब्बार पटेलांचा. कॅसेटवर आम्ही तो पूर्वीच पाहिला होता आणि स्मिता पाटीलचं काम छान आहे म्हणून चहा घेतला होता. वीस वर्षांनी लेकीबरोबर डीव्हीडीवर पाहिला. सुलभा नोकरीसाठी मुलीला मागे ठेवून जाते, परत येते आणि पुन्हा बाहेर पडते. चित्रपट संपल्यावर लेकीनं आईला विचारलं, "मग तू का नाही गेलीस?" सौ.ला त्या काळी मँचेस्टरला चांगली नोकरी मिळत होती. मुलं लहान आहेत म्हणून मी नको म्हटलं होतं. हे लेकीला कधी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. सौ. इतकंच म्हणाली, "भात लावायचाय." मी त्या रात्री बराच वेळ डिस्क हातात धरून बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, आता सगळं इंटरनेटवर आहे. सगळं नाही, आणि आज असलेलं उद्या असेलच असंही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभातच्याच जुन्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची मूळ रिळं जळून गेली. नायट्रेट भडकन पेटतं आणि पाण्यानंही विझत नाही. बीबीसीनं तर 'डॉक्टर हू'चे १९६० च्या दशकातले कितीतरी भाग स्वतःच्या हातानं पुसले. त्यांतले नऊ भाग २०१३ मध्ये उजेडात आले, तेही नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्राच्या अडगळीतून. म्हणजे जे मायदेशी नष्ट झालं, ते परदेशी गेलेल्या कॉपीत उरलं.

पहिल्या खोक्यात मंडळाच्या १९८० च्या दशकातल्या दोन नाटकांचं चित्रण आहे. कॅसेटवर सौ.च्या अक्षरात 'पुसू नये' असं लिहिलंय. जगात त्याची दुसरी प्रत नाही. आमचा व्हीसीआर बंद पडला आहे, आणि फुनाई या शेवटच्या कंपनीनं २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. कुणाकडे चालू व्हीसीआर असेल, तर कृपया गणपतीच्या कार्यक्रमात मला भेटावं. मी चहाच्या टेबलाजवळ असेन. दोन्ही कॅसेट्स पिशवीत असतील, आणि 'उंबरठा' सौ.नं खोक्यातून काढून नव्या घराच्या कपाटात ठेवला आहे.