दख्खनच्या पठारावरील मेंढपाळी आणि शाश्वत विकासाचा प्रश्न

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत येणाऱ्या माण, खटाव, आटपाडी, सांगोले, जत इत्यादी तालुक्यांत मेंढपाळी हा केवळ शेतीला जोडधंदा नाही. हलकी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस यांमुळे जेथे एका पिकावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते, तेथे चालता-फिरता कळप हे निर्वाहाचे स्वतंत्र साधन होते. हा व्यवसाय प्रामुख्याने धनगर समाजाकडे, व त्यातही हटकर धनगरांकडे राहिला. तो इतका दीर्घकाळ कशामुळे टिकला, याचे उत्तर मेंढीच्या जातीत जितके सापडते, त्याहून अधिक ते मेंढी, शेत आणि पडीक रान यांच्या परस्परसंबंधात सापडते. विकासाच्या अनेक प्रयत्नांनी मेंढी पाहिली. हा संबंध मात्र त्यांच्या दृष्टीतून निसटला.

या व्यवसायाचे वर्ष पावसाबरोबर फिरते. पावसाळ्यात कळप कोरड्या माळरानावर असतात, कारण अतिवृष्टी आणि चिखल मेंढीला मानवत नाहीत. खरिपाची काढणी होऊन दिवाळी सरली, की चार-सहा कुटुंबांचा ‘वाडा’ घोड्यांवर बिऱ्हाड लादून बाहेर पडतो. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, काही पूर्वेकडील काळ्या जमिनीच्या मुलखाकडे वळतात. दिवसा मेंढ्या पिकाची धसकटे व बांधावरचा पाला खातात आणि रात्री शेतकऱ्याच्या रानात बसविल्या जातात. लेंडी व मूत्र थेट जमिनीत मुरत असल्याने वाहतुकीचा खर्च न होता शेताला खत मिळते. त्याचा मोबदला मेंढपाळाला पूर्वी मुख्यतः धान्याच्या रूपाने मिळे. मेंढपाळ बारा बलुतेदारांत मोडत नव्हता. तरीही गावाच्या अर्थव्यवस्थेला तो परका नव्हता. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला धान्य आणि ज्याच्याकडे खत नाही त्याला खत, असा हा दुहेरी लाभाचा व्यवहार होता. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर सणगर आणि खुटेकर धनगर यांच्या मागावर जाऊन तिची घोंगडी होत असे.

या व्यवस्थेवरील पहिला मोठा आघात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याने कोंडवाड्याला सर्वत्र कायद्याचे बळ दिले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातील चराई हा रिवाजाने चालत आलेला हक्क न राहता सरकारी परवानगीचा विषय बनला. पुणे सार्वजनिक सभेने या वनधोरणास विरोध केला. महात्मा फुले यांनी १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने चराईची राने बळकावल्याची तक्रार तीव्रपणे मांडली. पुढे डॉ. व्होल्कर या कृषिरसायनशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात खताचे महत्त्व ओळखून जळण व चारा यांसाठी वेगळी राने राखण्याची शिफारस केली. वनाचे मोल केवळ लाकडावर ठरवू नये, हा तिचा आशय होय.

दुसरा बदल अधिक संथ, पण अधिक खोल होता. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि विसाव्या शतकात उसाची शेती पसरत गेली. बारमाही पिकाखालच्या जमिनीत कळपाला शिरण्यास मोकळा काळच उरत नाही. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० नंतर, रासायनिक खत सुलभ झाले व मेंढ्या बसविण्याची निकड कमी झाली. घोंगडीची मागणी घटून लोकरीचे उत्पन्नही आटले. परिणामी मांसासाठी विकले जाणारे कोकरू हाच मेंढपाळाच्या मिळकतीचा मुख्य आधार बनला.

शासकीय प्रयत्नांचा रोख मात्र आरंभी लोकरीकडे होता. १९६२ मध्ये राजस्थानात अविकानगर येथे मध्यवर्ती मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली आणि देशी मेंढ्यांचा तलम लोकरीच्या विदेशी जातींशी संकर करण्याचे प्रयोग वाढले. तलम लोकर देणाऱ्या मेंढीला चारा व निगा अधिक लागते. रोज कोसच्या कोस चालणाऱ्या आणि उन्हाळ्यात धसकटांवर जगणाऱ्या कळपात तिचे गुण दोषच ठरण्याचा संभव असतो. याउलट फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोल मेंढीचा जुळी कोकरे देण्याचा आनुवंशिक गुण दख्खनी मेंढीत आणला. गरोल मेंढी चणीने लहान असल्याने संकरित माद्यांचा पुन्हा पुन्हा दख्खनी नराशी संयोग करून मूळ आकार व काटकपणा राखण्यात आला. येथे सुधारणेचे माप बाहेरून आणलेले नव्हते; मेंढपाळाची मिळकत कशावर अवलंबून आहे, येथून विचाराची सुरुवात झाली होती.

शाश्वततेच्या कल्पनेतील खरा पेच पाणलोट विकासाच्या कार्यक्रमांत दिसतो. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर आणि हिवरेबाजार येथे १९९० नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले आणि दुधाचे उत्पन्न वाढले. या यशाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु गायरान बंद करण्याचा ठराव करणारी ग्रामसभा स्थायिकांची असते. वर्षातून काही दिवस तेथे येणाऱ्या वाड्याला त्या सभेत स्थान नसते. गावाच्या दृष्टीने जे संवर्धन, तेच फिरत्या कळपाच्या दृष्टीने वाट बंद होणे ठरू शकते. गोठ्यात बांधलेली म्हैस आणि माळावर फिरणारी मेंढी यांना एकच नियम लावल्यास ज्याच्याकडे जमीन व पाणी आहे त्याचीच सोय होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी चराईला हक्क म्हणून मान्यता दिली. तथापि अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या दावेदाराला डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रातील धनगर समाजाची गणना भटक्या जमातींत होते, अनुसूचित जमातींत नव्हे. ज्याचे जीवनच स्थलांतरावर उभे आहे त्याच्याकडून वास्तव्याचा पुरावा मागणे, ही या तरतुदीतील विसंगती होय.

या इतिहासावरून एवढे निश्चित म्हणता येते, की दख्खनची मेंढपाळी निसर्गाला भार होऊन जगली नाही. पडीक रानातील चाऱ्याचे खत करून ती शेतात पोहोचवीत होती. ही देवघेव तुटली तेव्हा कळप राहिला, परंतु त्याचे गावाशी असलेले नाते शिथिल झाले. म्हणून यापुढील योजनांचे मूल्यमापन दर मेंढीमागे मिळणाऱ्या मांसावर वा लोकरीवर थांबता कामा नये. कळपाच्या वाटा खुल्या राहिल्या काय, शेताला खत व मेंढपाळाला त्याचा मोबदला मिळाला काय, आणि चराईचे नियम ठरविताना त्याचे म्हणणे ऐकले गेले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेत मिळत नाहीत, तिला शाश्वत विकास हे नाव देणे इतिहासाच्या साक्षीने तरी कठीण आहे.