काळूच्या गाळातील पारा

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरील नव्या महाराष्ट्र सदनाचे उद्घाटन २०१३ साली झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानातील कुमामोतो येथे, पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा मिनामाता करार संमत झाला. भारताने २०१८ साली त्यास मान्यता दिली. आम्हां सरकारी कारकुनांस असा करार म्हणजे एका फाईलीचा शेवट वाटतो. परंतु पाऱ्याचा इतिहास असा दप्तरबंद होत नाही. त्याच्या साक्षीस आपली काळू नदीच पुरेशी आहे.

टिटवाळ्यावरून येणारी काळू अंबिवलीचा परिसर ओलांडून उल्हासेस मिळते. या पट्ट्यात कृत्रिम रेशमाचा उद्योग वाढला. त्या धाग्यास कॉस्टिक सोडा लागतो. आणि तो मिठाच्या पाण्यातून विजेने काढताना पारा वापरण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ होती. अशा कारखान्यांतून काही पारा सांडपाण्याबरोबर निसटे. काळूत पारा असल्याचे अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदविले.

आपल्या रसशास्त्राने पाऱ्यास चपल म्हटले. नदीत मात्र तो मोठ्या धीराने वागतो. पाण्याच्या साडेतेरा पट जड असा हा धातू तळाशी बसतो. विरघळलेला अंशही मातीच्या कणांस चिकटून गाळात उतरतो. म्हणून केवळ वरचे पाणी तपासणाऱ्यास नदी निर्दोष भासू शकते. परंतु प्राणवायू नसलेल्या गाळातील सूक्ष्मजंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, हे १९६९ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. ते विष शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत व तेथून मोठ्या माशांत साठत जाते. अखेर त्याचे प्रमाण पाण्यातल्याच्या लक्षावधी पट होऊ शकते. पुराने गाळ ढवळला, की हा साठा खाडीकडे सरकतो.

मिनामाताच्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालची. तेथील कारखान्याची ती प्रक्रिया १९६८ साली थांबली. तरी उपसागराचा गाळ उपसण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालले. आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा १९७४ साली झाला, व सोड्याच्या कारखान्यांतून पाऱ्याची रीतही पुढे मागे पडली. परंतु कायद्याने सांडपाण्याची मोरी बंद होते. आधी साचलेला गाळ निवळत नाही.

म्हणून पाण्याचा नमुना शुद्ध निघाला, एवढ्यावर फाईल मिटविणे आम्हांस पटत नाही. गाळ तपासावा, मासा तपासावा. मासळी हेच ज्यांचे रोजचे अन्न, त्या खाडीकाठच्या कोळ्यांच्या ताटापर्यंत हा इतिहास पोहोचतो.